भीड भिकेची बहीण, आणि भांडणाची आई

शेजारी त्रास देतो, काय करू, असं कुणीही कुठेही विचारलं की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो जाऊ द्या हो, कशाला तोंडी लागता, माणसं बदलत नसतात, आपण आपलं दुर्लक्ष करावं. दुसरा म्हणतो असल्यांना एकदा चांगला हिसका दाखवायला पाहिजे, तो रात्री गाणी लावतो ना, तुम्ही पहाटे लावा, व्हिडिओ काढून ठेवा, नोटीस धाडा, पोलिसांत जा. मग दोन्हीकडचे लोक आपापले अनुभव सांगत बसतात, आवाज चढतो, आणि ज्याने विचारलं होतं तो बिचारा होता तिथेच राहतो. मला यात गंमत वाटते ती वेगळीच. हे दोन तट एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं त्यांना वाटतं, पण एका बाबतीत दोघांचं अगदी घट्ट एकमत आहे, ते म्हणजे शेजाऱ्याशी बोलायचं नाही. एकाने मूग गिळून बोलायचं नाही, दुसऱ्याने स्पीकरच्या नाहीतर वकिलाच्या तोंडून बोलायचं. दार वाजवून "अहो, जरा एक सांगायचं होतं" असं म्हणायची तयारी दोघांचीही नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शेजाऱ्यांमधली बहुतेक भांडणं वाईट स्वभावामुळे पेटत नाहीत, उशिरा बोलल्यामुळे पेटतात. तक्रार करावी, जरूर करावी, पण ती लहान असताना करावी, स्वतः जाऊन करावी, आणि फक्त त्या एका गोष्टीपुरती करावी. त्यासाठी मैत्री करायची गरज नाही, मोठ्या मनाने माफ करायची नाही आणि धडा शिकवायची तर मुळीच नाही. गप्प बसण्याला आपण समजूतदारपणा म्हणतो खरं, पण बहुतेक वेळा ते व्याजावर ठेवलेलं भांडण असतं.

आता शेजारी हा प्रकारच मुळात विचित्र आहे. मित्र निवडता येतो, नोकरी सोडता येते, नातेवाईकाकडे जाणं टाळता येतं. शेजारी निवडलेला नसतो आणि सोडायचा तर घरच सोडावं लागतं. १९५० साली फेस्टिंजर, शॅक्टर आणि बॅक या तिघा मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विद्यार्थी-वसाहतीतला एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लगतच्या दारातले ४१ टक्के लोक एकमेकांना जवळचे मित्र म्हणत होते आणि त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणारे फक्त १० टक्के. हा अभ्यास फार गाजला, जवळ राहिलं की जीव लागतो असं सगळे सांगू लागले. पण १९७६ साली एबेसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीत उलटा प्रश्नही विचारला, की तुम्हाला कोण आवडत नाही? तर नावडते लोकसुद्धा जवळच राहणारे निघाले, मित्रांपेक्षाही जवळ! कारण साधं आहे. मित्र व्हायला स्वभाव जुळावा लागतो, शत्रू व्हायला एक सामाईक भिंत पुरते. तिकडे वाजलेलं इकडे ऐकू येतं, वर सांडलेलं खाली गळतं. माणूस कसा आहे हा प्रश्न यात फार नंतर येतो. निंदकाचं घर शेजारी असावं असं संत म्हणून गेले, ड्रिल मशीनवाल्याचं असावं असं कुणी म्हटलेलं माझ्या ऐकिवात नाही.

मी स्वतः दोन वर्षं कुणाचा तरी त्रासदायक शेजारी होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता. कामावरून उशिरा यायचो, रात्री अकराला वॉशिंग मशीन लावायचो, मशीन नेमकं सामाईक भिंतीला टेकलेलं. पलीकडचे गृहस्थ आधी हसून बोलायचे, मग नुसती मान हलवायचे, मग तीही बंद झाली, मी म्हटलं असेल एकेकाचा स्वभाव, घुमे दिसतात. आणि एक दिवस जिन्यात ठेवलेल्या सायकलवरून हा माणूस माझ्यावर असा काही तुटून पडला की मी बघतच राहिलो. सायकल तिथे जेमतेम दोन दिवस होती. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ना तसं ते भांडण अर्धा तास सायकलवरून चाललं, आणि शेवटी त्यांच्या तोंडून निघालं, "दोन वर्षं झोप नाही मला नीट!" मशीन दुसऱ्या भिंतीला सरकवायला आणि खाली रबरी पट्ट्या घालायला मला पाऊण तास लागला. पाऊण तासाच्या कामासाठी त्या माणसाने दोन वर्षं मनात मला काय काय शिव्या दिल्या असतील कोण जाणे, आणि त्याच्या हिशोबी तो दोन वर्षं सहनशीलपणे वागत होता!

पहिल्या तटाची बाजू मी समजू शकतो, आणि ती लोक समजतात तेवढी लेचीपेची नाही. सगळंच बोलून दाखवायचं ठरवलं तर शेजार म्हणजे रोजची कचेरी होईल. मूल रडणार, पाहुणे येणार, कुणाच्या तरी हातून भांडं पडणार. रॉबर्ट एलिकसन या कायद्याच्या प्राध्यापकांनी १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या शास्टा काउंटीत जाऊन पाहिलं की एकाची गुरं दुसऱ्याच्या रानात शिरली की लोक काय करतात. तिथे भरपाईचा कायदा होता, भागाप्रमाणे वेगळा होता, आणि लोक त्याला जवळजवळ विचारतच नव्हते. किरकोळ नुकसान गिळून टाकायचे. हा पुरावा दुर्लक्षवाल्यांच्या बाजूचाच वाटतो ना? पण पुढचं बघा. ते गिळायचे, पण आधी फोन करून सांगायचे की बाबा तुझी गाय इकडे आली आहे, येऊन घेऊन जा. आणि प्रत्येक जण डोक्यात खातं ठेवायचा, या वर्षी त्याची गाय माझ्याकडे आली, गेल्या वर्षी माझं कुंपण त्याने दुरुस्त केलं, चला फिट्टंफाट. म्हणजे ते सोडून देत होते, पण सांगून सोडून देत होते. आपल्याकडे "सोडून दिलं" म्हणणाऱ्याने समोरच्याला काही सांगितलेलंच नसतं. खातं तर तोही ठेवतो, फक्त एकट्याने, आणि त्यात जमेची बाजू कधी लिहित नाही. समोरच्याला आपल्या नावावर उधारी चढते आहे हेच माहीत नाही, तो फेडणार कशी?

दुसरी गोष्ट अशी की गप्प राहिल्याने त्रास कमी होत नाही, वाढतो, आणि हे मी नुसतं मनाचं सांगत नाही. ग्लास आणि सिंगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या आसपास आवाजावर प्रयोग केले. लोकांना कर्कश आवाज ऐकवायचा, आणि त्यातल्या काहींना एक बटण द्यायचं, अगदीच असह्य झालं तर दाबा म्हणजे आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलं नाही. म्हणजे दोन्ही गटांनी तोच आवाज तेवढाच ऐकला. पण नंतर किचकट कोडी सोडवायला दिल्यावर बटणवाले जास्त चिकाटीने बसले आणि मुद्रितं तपासताना त्यांच्या चुकाही कमी झाल्या. नुसतं बटण हाताशी असण्याने एवढा फरक! शेजारच्या आवाजाचं हेच आहे. "उद्या सुताराचं काम आहे, दुपारी चारपर्यंत ठोकाठोकी चालेल, काही अडचण असेल तर सांगा" असं कुणी आधी सांगून गेलं तर तीच ठोकाठोकी सहन होते. आणि ज्याला आपण कधी जाऊन बोललेलोच नाही त्याच्या घरातली खुर्ची सरकली तरी कपाळात तिडीक जाते, कारण आपल्या हातात बटणच नाही. ते बटण म्हणजे बोलणं. जो बोलत नाही त्याने ते स्वतःच काढून फेकलेलं असतं.

आता दुसऱ्या तटाकडे. यांचं म्हणणं ऐकायला झणझणीत असतं आणि त्यात तथ्यही आहे, नुसत्या गोडव्याने काही माणसं डोक्यावर बसतात हे खोटं नाही. हे लोक थोडं वाचलेले असले तर ॲक्सेलरॉड या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाचा दाखलाही देतात. रॉबर्ट ॲक्सेलरॉडने १९८०च्या सुमारास कॉम्प्युटर प्रोग्रामच्या दोन स्पर्धा घेतल्या, परत परत एकमेकांशी व्यवहार करायचा, सहकार्य करा किंवा दगा द्या, आणि दोन्ही वेळा ॲनाटोल रॅपपोर्टचा "जशास तसे" हा सगळ्यात छोटा प्रोग्राम जिंकला. झालं, सिद्ध झालं, ठोशास ठोसा! पण त्या प्रोग्रामची पहिली चाल काय होती हे कुणी सांगत नाही. पहिली चाल सहकार्याची होती, आणि समोरचा सुधारला की हाही लगेच मागचं विसरायचा. पहाटे स्पीकर लावणाऱ्या किती जणांनी आधी ती पहिली चाल खेळलेली असते? शिवाय त्याने एकेका सामन्यात समोरच्याला कधीच हरवलं नाही, ते त्याला शक्यच नव्हतं, जास्तीत जास्त बरोबरी. तो जिंकला तो सगळ्यांशी मिळून जमलेल्या बेरजेवर. ज्याला शेजाऱ्याला हरवायचं आहे त्याने हा दाखला तरी देऊ नये.

आणि मुळात जशास "तसे" हे माणसाला मोजताच येत नाही. २००३ साली लंडनमध्ये एक साधा प्रयोग झाला. दोन माणसं, बोटावर दाब देणारं यंत्र, नियम एवढाच की तुमच्या बोटावर जेवढा दाब आला तेवढाच तुम्ही समोरच्याला परत द्यायचा. दोघंही प्रामाणिक, कुणाचं कुणाशी वैर नाही. तरी प्रत्येक फेरीत दाब सरासरी ३८ टक्क्यांनी वाढत गेला, कारण आपण दिलेला दाब मेंदूला कमी जाणवतो आणि आपल्याला मिळालेला पुरता जाणवतो. आता ३८ टक्के दर फेरीला म्हणजे काय ते बघा, सात फेऱ्यांत दाब जवळपास दहापट! आणि विचारलं तर दोघंही शपथेवर सांगतील की मी जेवढं मिळालं तेवढंच परत दिलं. काट्याचा नायटा होतो तो असा, त्यासाठी कुणी वाईट असायला लागत नाही.

तसे वागणाऱ्यांचं पुढे काय होतं याचा एक नमुना इंग्लंडच्या कोर्टात १८९३ सालापासून नोंदवून ठेवलेला आहे, क्रिस्टी विरुद्ध डेव्ही. क्रिस्टी बाई संगीत शिकवायच्या, घर जोडघर, मधे एकच भिंत, पलीकडे डेव्ही. गाण्या-वाजवण्याचा त्याला त्रास होत होता हे अगदी खरं. त्याने पत्र लिहिलं, पण कसलं, तर आधी मला वाटलं तुमचा कुत्राच विव्हळतो आहे, असल्या थाटाचं. क्रिस्टींनी अर्थातच ते मनावर घेतलं नाही. मग याने शिकवणी सुरू झाली की भिंतीवर ठोकायचं, ट्रे बडवायचे, शिट्ट्या मारायच्या, किंचाळायचं, असा कार्यक्रम सुरू केला. कोर्टाने मनाई कुणाला केली? डेव्हीला. न्यायाधीशांनी स्पष्ट सांगितलं की हे आवाज सहज झालेले असते तर मी वेगळा विचार केला असता, पण हे मुद्दाम छळायला केलेले आहेत. ज्याची मूळ तक्रार ऐकण्यासारखी होती तोच आरोपीच्या जागी जाऊन बसला! बर्लिनला १८२१ साली शोपेनहावरचं असंच झालं. केवढा तत्त्वज्ञ, आणि आवाजाचं वावडं. दाराबाहेर शेजारची शिवणकाम करणारी बाई मैत्रिणींबरोबर गप्पा मारत होती, याने तिला ढकलून बाहेर काढलं, ती पडली, खटला बरीच वर्षं चालला आणि अखेर दर तिमाहीला १५ थालर, म्हणजे तिथली चांदीची नाणी, तिला आयुष्यभर द्यायचा हुकूम झाला. बाई खमकी निघाली, पुष्कळ वर्षं जगली. ती गेल्यावर याने लॅटिनमध्ये लिहून ठेवलं की म्हातारी गेली, ओझं उतरलं. आणि हाच गृहस्थ नंतर, १८५१ साली, थंडीत कुडकुडणाऱ्या साळिंदरांची गोष्ट लिहितो, फार जवळ गेलं की काटे टोचतात, फार लांब गेलं की गारठा लागतो, म्हणून बेताचं अंतर राखावं! कळतं सगळं, वेळेवर सुचत नाही.

बरं, मग सरळ कायद्यानेच जावं की, त्यात आडमुठेपणा कसला? यात तथ्य आहे. शेजाऱ्यांसाठी कायदा ही काही आजकालची टूम नाही. रोमच्या बारा पाट्या, म्हणजे तिथला जुना लेखी कायदा, इसवी सनापूर्वी ४५०च्या सुमाराचा, त्यातही दोन इमारतींमधे किती अंतर सोडायचं आणि माझ्या झाडाचं फळ तुझ्या जागेत पडलं तर ते मला वेचता येईल का हे सांगितलेलं आहे. लंडनमधे मध्ययुगात शेजाऱ्यांच्या तक्रारींसाठी वेगळं न्यायासनच होतं, १३०१ ते १४३१ पर्यंतच्या त्याच्या नोंदी शिल्लक आहेत, आणि त्या वाचताना माणूस काही बदलला नाही याचीच खात्री पटते. संडासाचं पाणी झिरपतं, पागोळ्या आमच्या भिंतीवर पडतात, त्यांच्या खिडकीतून आमच्या घरातलं दिसतं. पण तिथली एक पद्धत मला फार आवडते. नगराध्यक्ष आणि त्याची माणसं स्वतः जागेवर जायची, भिंत बघायची, गटार बघायचं आणि मग अमुक दिवसांत हे नीट कर म्हणून सांगायची. शेजारी कसा आहे, त्याचा हेतू काय, त्याच्या घरची रीत काय, हे कुणी विचारत नव्हतं. भिंत बघा, भिंतीचं बोला. आजची आपली भांडणं बरोबर याच्या उलट चालतात, भिंत कुणी बघत नाही आणि तीन पिढ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या निघतात.

आजच्या कोर्टाची अडचण अशी की ते जिंकवून देतं आणि दार बंद करतं. वॉर्ड फार्न्सवर्थ या अमेरिकन अभ्यासकाने १९९९ साली शेजारी-त्रासाचे २० खटले काढून त्या वकिलांना विचारलं की निकालानंतर दोन्ही पक्षांनी आपसात काही देवाणघेवाण केली का? एकाही खटल्यात नाही. वीसपैकी शून्य. दोघांच्या फायद्याची तडजोड पुढे निघाली असती तरी बोलायलाच कुणी तयार नव्हतं. म्हणजे खटला जिंकलेला माणूसही राहतो तिथेच, त्याच भिंतीला टेकून, फक्त आता पलीकडे हरलेला माणूस राहतो. यावर उपाय काही देशांनी फार पूर्वीच शोधला, डेन्मार्कने १७९५ साली कायदाच केला की आधी समेट मंडळासमोर या, तिथे नाहीच जमलं तर कोर्ट. बोलणं सक्तीचं केलं म्हणा ना.

आणि चूक कुणाची हे वाटतं तेवढं सोपं असतं का? रोनाल्ड कोस, ज्यांना १९९१चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी १९६०च्या आपल्या लेखात १८७९चा एक जुना खटला घेतला होता. एक मिठाईवाला आपल्या जागेत वीसेक वर्षांहून जास्त खलबत्ते कुटत होता, कुणाची तक्रार नाही. मग शेजारच्या डॉक्टरने आपल्या बागेच्या टोकाला, नेमकी त्याच्या भिंतीला लागून, तपासायची खोली बांधली आणि आवाज येतो म्हणून दावा लावला. निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला. कोस म्हणतात, अहो पण त्रास दोन्ही बाजूंनी आहे, कुटणं थांबवलं तर मिठाईवाल्याचं नुकसान, चालू ठेवलं तर डॉक्टरचं. खलबत्ता आणि खोली लांब असती तर दोघंही सज्जन ठरले असते. माझ्या वॉशिंग मशीनचंही तसंच म्हणता येईल, पण ते म्हणायला मी जरा जास्तच सोयीच्या जागी उभा आहे, तेव्हा जाऊ दे.

आता सगळ्यात जड आक्षेप, तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणा होईल. "जाऊन बोला" हे सांगणारा बहुतेक वेळा असा माणूस असतो ज्याला बोलायची किंमत मोजावी लागत नाही. एकट्या राहणाऱ्या बाईने दारुड्या शेजाऱ्याचं दार वाजवावं का? भाडेकरूने घरमालकाच्या भावाला सांगावं का? वसाहतीत ज्या समाजाचं एकच घर आहे त्या घरातल्या माणसाने "जरा एक सांगायचं होतं" म्हटलं तर ते नुसतं सांगणं राहतं की त्याला वेगळाच रंग चढतो? माझ्याकडे याला चोख उत्तर नाही. धमकी, पाठलाग, मारहाण, अंगचटीला येणं, हे शेजारपणाचे प्रश्नच नाहीत, ते गुन्हे आहेत, तिथे एकट्याने बोलायला जाऊच नये, तिथे पोलीसच. आणि ताकद जिथे सारखी नाही तिथे दोन शेजारी सोबत घेऊन जावं, लेखी द्यावं, तिसऱ्याकरवी सांगावं. पण यातून "म्हणून बोलणं भाबडेपणा आहे" असा निष्कर्ष काढणं म्हणजे एकाला पोहता येत नाही म्हणून सगळ्यांनी नदीकाठ सोडण्यासारखं आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम, २००९च्या अर्थशास्त्राच्या नोबेलच्या मानकरी, यांनी जगभरातली कुरणं, कालवे, मासेमारीच्या जागा अभ्यासल्या, जिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट वाटून वापरतात. जिथे हे टिकलं तिथे शिक्षा होतीच, नव्हती असं नाही, पण पायरीपायरीने. पहिल्या चुकीला अगदी किरकोळ, पुन्हा केली तर थोडी जास्त, बाहेर काढणं अगदी शेवटी. आणि वाद मिटवायची सोय जवळची, स्वस्त, चटकन होणारी. दुसऱ्या तटाचं चुकतं ते इथे, त्यांची पहिली पायरीच शेवटची असते. पहिल्या तटाला जिनाच नको असतो.

बोलावं कसं, यावर लोक उगाच मोठमोठी व्याख्यानं देतात. चिडलेले असताना जाऊ नये, रात्री बाराला तर नाहीच. "तुम्ही नेहमी" हे दोन शब्द गिळावेत, कारण "नेहमी" म्हटलं की समोरचा अपवाद शोधायला लागतो आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. काय हवंय ते नेमकं सांगावं, "आवाज कमी करा" नाही, "दहानंतर ते मशीन लावू नका" असं, ज्याला हो किंवा नाही म्हणता येईल. ग्रुपवर सगळ्यांसमोर तर अजिबात नाही, तिथे माणूस उत्तर देत नाही, बचाव करतो. आणि विचारून घ्यावं, आमचा तुम्हाला काही त्रास होतो का? हे वाक्य फार अवघड आहे. मी करून पाहिलंय, जीभ टाळूला चिकटते.

भिंतीपलीकडचे ते गृहस्थ आणि मी, आमची काही मैत्री झाली नाही. त्यांचं राजकारण मला पटत नाही, माझं त्यांना पटत नसणार. एकमेकांकडे उठबस नाही. मध्यंतरी मी एक लाकडी खुर्ची आणली, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं, हे उभे, आत या म्हटलं तर नको म्हणाले, "ती नवीन खुर्ची घेतली का? सरकवली की करकरते." मी त्याच रात्री पायांना फेल्टचे तुकडे चिकटवले. दोन वर्षांवरून तिसऱ्या दिवसावर आलो आम्ही.